पानांची मोजणी: पस्तीस हजारांत काय हाती लागलं

नोकरीभर मी लोकांच्या जमिनी मोजल्या. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. ३३ फुटांच्या साखळीपासून सुरुवात केली, प्लेन टेबल, म्हणजे जागेवरच नकाशा काढायचं तिपाईवरचं फळकं, घेऊन डोंगर चढलो. ईटीएस, म्हणजे प्रकाशाच्या किरणाने अंतर मोजणारं यंत्र, आलं तोवर गुडघे गेले होते. मोजणी कशीही करा, एक बाजू शिव्या देणारच, हे ठरलेलं. त्यामुळे निवृत्तीनंतर देवगडात बागेत येऊन बसलो असताना ‘काका, तुमच्या कलमांची लेसरने मोजणी करून देतो, पानांसकट’ असं म्हणत एक मुलगा गडग्याच्या आत आला, तेव्हा मला गंमत वाटली. शिव्या देणाऱ्या बाजूला उभं राहायची आयुष्यातली पहिली संधी!

ही सेवा घेतली गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी, आंबा उतरल्यावर. मधे पावसाळा गेला, पालवी आली, मोहोर आला, यंदाचा आंबाही पेट्यांत भरून गेला. एक अख्खं चक्र बघून झालं म्हणून आता लिहितोय. कंपनीचं नाव देत नाही. अशी सेवा देणारे आता बरेच जण फिरतात, आणि मी जे सांगणार आहे ते थोड्याफार फरकाने सगळ्यांना लागू पडेल.

माझी २१२ कलमं, सगळी हापूस. निम्मी वडिलांनी कातळात सुरुंग लावून, खड्डे मातीने भरून लावलेली; बाकीची माझी, १० बाय १० मीटरवर. समुद्राचा वारा खाऊन पश्चिमेकडची रांग पूर्वेला कललेली. दर झाडामागे १४० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण साधारण ३५ हजार. आमच्या घरात यावर जे बोलणं झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग एवढे पैसे घातले कशाला? कल्टारसाठी. पॅक्लोब्युट्राझोल हे खरं नाव, पण बागेत सगळे कल्टारच म्हणतात. हापूस एक वर्ष धरतो, एक वर्ष रुसतो. दर वर्षी मोहोर यावा म्हणून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस आहे की १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान झाडाच्या विस्ताराच्या (फांद्या-पानांच्या पसाऱ्याच्या) दर मीटर व्यासाला ३ मिली या हिशेबाने हे औषध पाण्यात मिसळून बुंध्याभोवती छोट्या खड्ड्यांतून द्यावं. पूर्व-पश्चिम मोजायचं, दक्षिण-उत्तर मोजायचं, दोन्हींची सरासरी काढायची. कागदावर सोपं. प्रत्यक्षात ज्याला काम दिलंय तो प्रत्येक झाडाला एकच माप ओततो. माझ्याकडे सरसकट ३० मिली चालायचं, मोठ्याला आणि मध्यमालाही. सहा मीटरच्या झाडाला हिशेबाने १८ मिली पुरतात. जास्त झालं की पुढची पालवी आखूड होते, मोहोराचे तुरे आवळल्यासारखे येतात. माझ्या पंधरा-वीस कलमांवर हे दिसत होतं. मोजणी खात्यात जन्म घालवलेल्या माणसाच्या बागेत अंदाजपंचे औषध! लाज वाटायला लागली होती.

ठरलेल्या दिवशी दोघं आले, दुपारी अडीचला. हातात धरायचा एक दांडा, त्याच्या टोकाला गरगर फिरणारा डबा, पाठीवर बॅटरी. मुलगा हुशार होता, विचारलं ते सगळं सांगत होता. डब्यातून १६ किरण निघतात, सेकंदाला तीन लाख ठिपके मोजले जातात, प्रकाश डोळ्याला दिसत नाही आणि डोळ्याला धोकाही नाही. किरण पानावर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढायचं. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, जाऊन-येऊन धरलं तर १५. म्हणजे दोन सेंटिमीटरची अचूकता हवी तर घड्याळ नॅनोसेकंदाचेही सात-आठ तुकडे करणारं पाहिजे. हे ऐकून मला ईटीएसची आठवण झाली, तत्त्व भाऊबंदच. फक्त ईटीएसला समोर प्रिझम घेऊन उभा राहणारा माणूस लागायचा, इथे प्रत्येक पानच प्रिझम.

झाडांखाली जीपीएस नीट पकडत नाही, म्हणून हे यंत्र आजूबाजूचे ठिपके जुळवत जुळवत स्वतःची जागा ठरवतं. त्यासाठी फिरून पुन्हा सुरुवातीच्या जागी येऊन वळसा पुरा करावा लागतो. हे ऐकून मला बरं वाटलं. आम्हीही ट्रॅव्हर्स, म्हणजे मोजणीचा वळसा, पुरा करूनच उरलेली चूक सगळ्या टप्प्यांत वाटून द्यायचो. शिकलेला माणूस यंत्रासह आला असला तरी जुनी शिस्त सुटलेली नाही म्हणायची.

पण वेळ चुकली. मेच्या शेवटी दुपारी खारा वारा असा सुटतो की टोपी राहत नाही. यंत्र झाडाला एका बाजूने बघून दुसऱ्या बाजूला जाईपर्यंत फांदी हातभर हललेली. रात्री त्याने लॅपटॉपवर चित्र दाखवलं तर बुंधे स्वच्छ, आणि शेंड्याकडची पानं सगळी दोन-दोन, धुरासारखी. मी म्हटलं, ‘बाबा, हे झाड आहे की झाडाचं भूत?’ तो ओशाळला. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला, वारा पडलेला असताना, सगळं पुन्हा केलं. जादा पैसे मागितले नाहीत, ही जमेची बाजू. पण हे कोकणात येण्याआधी कोणीतरी त्यांना सांगायला हवं होतं. तुम्ही बोलावलंत तर सकाळी आठच्या आत काम संपवायचं, हे आधीच कबूल करून घ्या. आणि पावसात बोलावूच नका, थेंबही ठिपके म्हणून येतात.

आमचा जुना गडी गडग्यावर बसून हे बघत होता. म्हणाला, ‘अण्णानू, आंबे मोजूचे सोडून ह्ये पानां कित्याक मोजतत?’ प्रश्न बरोबर होता. उत्तर द्यायला मला वर्ष लागलं.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. इंग्रजीत, ६० पानी, झाडाच्या उंचीप्रमाणे निळ्या-हिरव्या-लाल रंगांची सुंदर चित्रं. पहिली ४० पानं कंपनीची स्तुती. कामाची वस्तू होती मागे जोडलेला तक्ता: झाडाचा क्रमांक, उंची, विस्ताराचा व्यास, विस्ताराचं घनफळ, पानांचं क्षेत्रफळ, आणि शेवटी ‘आरोग्य’ नावाचा रकाना.

आधी व्यास. मी टेप घेऊन गड्याबरोबर २० झाडं मोजली. एक सकाळ गेली. सोळा झाडांत टेप आणि लेसर यांच्यात अर्ध्या मीटरपेक्षा कमी फरक. उरलेल्या चारांपैकी तीन वाऱ्याने कललेली, वेडीवाकडी. तिथे मी दोन दिशांची सरासरी काढत होतो, आणि लेसरने झाडाची खरी सावली जमिनीवर पाडून तिचं क्षेत्र काढलं होतं. एका झाडाचं पूर्व-पश्चिम ९ मीटर, दक्षिण-उत्तर ७.४, माझी सरासरी ८.२, म्हणजे २४.६ मिली. लेसरचा हिशेब ७.६, म्हणजे २२.८. वाकड्या तुकड्याचं क्षेत्र लांबी-रुंदीवरून काढणाऱ्या नवशिक्या मोजणीदाराला मीच रागावलो असतो, तेव्हा इथे लेसरचं ऐकलं.

चौथं झाड मात्र मजेदार. ८७ आणि ८८ या कलमांच्या फांद्या एकमेकांत गेल्या आहेत. संगणकाने ८७ ची एक मोठी फांदी उचलून ८८ च्या नावावर केली होती. सरळ सरळ अतिक्रमण! ठिपक्यांची मूळ फाइल मी आग्रहाने मागून घेतली होती (मागा, ती तुमची आहे). मुलीने ती क्लाउडकंपेअर नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रणालीत उघडून दिली. मी माउस धरून फांदी बुंध्यापर्यंत मागे नेली आणि हद्द दुरुस्त केली. बागेत अशा नऊ जोड्या निघाल्या. कंपनीला कळवलं, त्यांनी चार दिवसांत सुधारित तक्ता पाठवला. सरकारी खात्याशी तुलना करायचा मोह आवरतो.

तर उंची, व्यास, घनफळ या तीन रकान्यांना माझ्याकडून पूर्ण गुण. कल्टार द्यायची १८० झाडं होती. सरसकट हिशेबाने ५ लिटर ४०० मिली लागलं असतं, मोजून दिलं तर ४ लिटर १०० च्या आसपास भागलं. मोहोर बरा आला, तुरे यंदा मोकळे होते. पण श्रेय सगळं लेसरला देणार नाही, थंडीही वेळेवर पडली.

आता पानांचा रकाना. माझा खरा वाद इथे आहे.

पानांचं क्षेत्र लेसर मोजत नाही. ते हिशेबाने काढतं. कल्पना अशी: झाडात शंभर किरण सोडले, त्यातले किती अडले आणि किती आरपार गेले ते बघायचं. जितके कमी आरपार, तितकी पानं दाट. यातून जो आकडा निघतो त्याला एलएआय म्हणतात. जमिनीच्या एका चौरस मीटरवर किती चौरस मीटर पान आहे तो. चार म्हणजे पानांचे जणू चार थर. पण हे सूत्र चालवायला पानं कोणत्या कोनात धरली आहेत हे मानून चालावं लागतं, त्याचा एक गुणांक घालतात. शंभरातले साडेतेरा किरण आरपार गेले आणि गुणांक ०.५ धरला तर उत्तर येतं ४. तोच ०.६ धरला तर ३.३. झाड तेच, पानं तीच, किरण तेच. अहवालात गुणांक कोणता धरला हे कुठेच लिहिलं नव्हतं. फोन केला तर म्हणाले, प्रणालीत आधीपासून असतो तो. नकाशावर प्रमाण न लिहिता सही करायला लावण्यासारखं आहे हे.

त्यात आंब्याचं पान. ते फांदीभर सारखं पसरत नाही, टोकाला झुबक्याने येतं. झुबक्याच्या बाहेरच्या पानाला किरण आपटला की आतल्या दहा पानांचा पत्ताच लागत नाही. आणि पानाच्या कडेवर अर्धा किरण पडला, अर्धा मागच्या फांदीवर, तर मधल्या हवेत एक खोटा ठिपका उगवतो. फांद्या आणि खोड वेगळं काढलं नाही तर लाकूडही पान म्हणून मोजलं जातं.

मला स्वतः पडताळून बघायचं होतं, आणि संधी आयती आली. घराच्या कौलांवर झुकलेली एक फांदी पावसाआधी काढायचीच होती. कंपनीच्या मुलाला सांगितलं, तोडायच्या आधी एकदा यंत्र फिरव आणि तोडल्यावर एकदा. फांदी खाली आल्यावर मी, आमची ही आणि गडी, तिघांनी बसून सगळी पानं खुडली. पन्नास पानं आलेखाच्या कागदावर ठेवून पेन्सिलीने रेषा मारल्या आणि चौकोन मोजले. ही पद्धत मला झोपेतही येते. त्या पन्नासांचं वजन केलं, मग सगळ्या ढिगाचं, आणि त्रैराशिक मांडलं. उत्तर आलं १६ चौरस मीटरच्या आसपास. लेसरच्या दोन मोजण्यांमधला फरक होता ११. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा पानं यंत्राने पाहिलीच नाहीत. एका फांदीवरून सगळ्या बागेचा निकाल लावता येत नाही, हे मला कळतं. पण चूक कोणत्या दिशेला आहे ते कळलं, आणि कारणही समोर होतं: दाट कलमात पुढचं पान मागच्या पानाला झाकतं. मुलाने हे मान्य केलं. त्याच्या साहेबांनी फोनवर मान्य केलं नाही.

आणि बांडगूळ! माझं ४१ नंबरचं कलम अहवालात बागेतलं सगळ्यात पानदार झाड म्हणून चमकत होतं. आरोग्याच्या रकान्यात ‘उत्तम’. त्या झाडावर तीन मोठी बांडगुळं आहेत, ती काढायची म्हणून मी वर्षभर टाळाटाळ करतोय. लेसरला पान दिसतं, ते कोणाचं आहे हे दिसत नाही. एकाच रंगाचा, तोही डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडणाऱ्या यंत्राने अंतर सांगावं. झाडाला नत्र कमी आहे की भुरी आलीय हे त्याला कुठून कळणार? तो आरोग्याचा रकाना म्हणजे पानांच्या आकड्याचे तीन भाग करून दिलेली नावं होती: उत्तम, मध्यम, कमी. या एका गोष्टीबद्दल मी रागावलो, ते अजून उतरलेलं नाही.

मग ही विद्या खोटी का? अजिबात नाही. स्पेनमध्ये येयदा विद्यापीठाची मंडळी कितीतरी वर्षं पेर, सफरचंद आणि द्राक्षांवर हेच करताहेत. तिथल्या बागा भिंतीसारख्या रांगांत वाढवलेल्या, झाड जेमतेम चार मीटर उंच आणि अरुंद. ट्रॅक्टर रांगेतून जातो, पुढे लेसर, मागे फवारा. त्या झाडांत किरण बऱ्यापैकी आरपार जातो, आणि फवारणी झाडाच्या आकाराप्रमाणे कमी-जास्त करता येते. पानांचं क्षेत्र माहीत असणं तिथे पैशात मोजता येतं. माझ्याकडे एचटीपी पंप (जोराने फवारणारा), शंभर मीटरचा पाइप, आणि गन धरणारा एक माणूस जो पाच मिनिटांनी कंटाळतो. अहवालातला एलएआय ४.१७ त्याच्या मनगटापर्यंत पोचणार कसा?

तरीही फवारणीला उपयोग झाला, पण घनफळाच्या रकान्याचा. घनफळाप्रमाणे झाडांचे तीन गट केले आणि बुंध्यावर चुन्याने पट्टे मारले. एक पट्टा ८ लिटर, दोन पट्टे १२, तीन पट्टे १६. तुडतुड्यांच्या पहिल्या फवारणीपासून हे चालू आहे. लहान झाडाखाली औषध ठिबकत जमिनीवर जायचं ते थांबलं, आणि टाकीत शेवटी काही उरत नाही. गड्याला पट्टे वाचता येतात, अहवाल वाचता येत नाही. मलाही चाळिशी लावूनच वाचता आला. चुन्याला खर्च आला ९० रुपये.

आणखी एक फायदा ध्यानीमनी नव्हता. वडिलांची जुनी कलमं मधून उघडायची, उजेड आत यायला मधली फांदी काढायची, हा विचार दहा वर्षं चाललाय. कोणती फांदी, यावर माझं आणि धाकट्या भावाचं पटत नाही. ठिपक्यांचं चित्र आडवं कापून बघितल्यावर एकेका झाडाचा गाभा दिसतो: वर छत्रीसारखी पानं, आत नुसती लाकडं, उजेडाचा पत्ता नाही. भावाला पडद्यावर दाखवलं. तो पहिल्यांदाच गप्प बसला. चार झाडं उघडलीत, त्यांचं काय होतं ते दोन-तीन वर्षांनी दिसेल.

कोणी घ्यावी ही सेवा? पन्नास झाडं असतील तर टेप घ्या, पोराला दुसरं टोक धरायला लावा, दोन-तीन सकाळी लागतील. मला २१२ झाडांना दहा-अकरा सकाळी लागल्या असत्या, आणि गुडघ्यांचा हिशेब वेगळा. दीडशेच्या वर कलमं असतील, वयं मिसळलेली असतील, कल्टार देत असाल, तर एकदा करून घेण्यासारखं आहे. दर वर्षी नाही. कलम एका वर्षात एवढं वाढत नाही. झाडांवर आधी स्वतःचे क्रमांक रंगवून ठेवा, नाहीतर कंपनी आपले देते आणि मग तक्त्यातलं १३४ बागेत शोधत फिरावं लागतं. माझे दोन दिवस त्यात गेले. बांडगुळं आधी काढा. मूळ फाइल, गुणांक, आणि लाकूड वेगळं काढलं का, या तीन गोष्टी लेखी मागा.

पाचपैकी गुण द्यायचे तर मोजणीला साडेचार, मुलाला पाच, अहवालाला दोन. आरोग्याच्या रकान्याला शून्य देतो, कारण त्याखाली जायची सोय नाही.

परवा मुलाचा फोन आला होता, यंदा नव्या लावलेल्या ४० कलमांसकट पुन्हा करून घ्या म्हणून. म्हटलं, करू. सकाळी सहाला यायचं, आणि पानांचा रकाना वगळून दर सांगायचा. तो म्हणाला, साहेबांना विचारून कळवतो. मृग तोंडावर आलाय, साहेब अजून विचार करताहेत.